विचारा, सांगतो : इंदूर ते बुऱ्हाणपूर, धबधब्यांवरून गिरण्यांकडे

मागच्या अंकात इंदूर–बुऱ्हाणपूर रस्त्याबद्दल चार ओळी छापल्या आणि पत्रांची रीघ लागली. बहुतेक पत्रांत शंका एकच: धबधबे-डोंगर बघायचे, की बंद पडलेल्या गिरण्या आणि धडपडणारी गावं? आमचं म्हणणं असं की या वाटेवर दोन्ही वेगळं काढताच येत नाही. का, ते पहिल्या उत्तरात आलंच आहे. उरलेले प्रश्न निवडून घेतले. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली.

प्रश्न : आम्ही चौघं, त्यात सासूबाई सत्तरीच्या. दोन दिवस हाताशी आहेत. निसर्गही बघायचा आहे आणि जुनी कारखानदारीही. मार्ग कसा आखावा आणि कधी निघावं? (तिलकनगर, इंदूर)

उत्तर : इंदूर–महू–पाताळपाणी–सिमरोल–चोरल–बडवाह–मोरटक्का–सनावद–खंडवा–आसीरगड–बुऱ्हाणपूर. महूचं वळण सोडलं तर सरळ अंतर १८० किलोमीटरच्या आसपास. आडवळणं धरून जाऊन-येऊन सव्वाचारशे ते साडेचारशे किलोमीटर होतात. पेट्रोलची गाडी लिटरला १५ देत असेल तर ३० लिटर धरा.

निघण्याआधी एवढं डोक्यात ठेवा, म्हणजे वाटेतली प्रत्येक गोष्ट एकमेकींत बसते. इंदूर उभं आहे ते माळव्याच्या पठारावर, सुमारे ५५० मीटर उंचीवर. हे पठार म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, आपला काळा कातळ. पठार दक्षिणेला संपतं तिथे ओढे-नद्या कड्यावरून खाली उडी घेतात. पाताळपाणी, तिंछा हे धबधबे त्यातलेच. हाच कातळ झिजून काळी माती झाली, काळ्या मातीत कापूस पिकला, आणि कापूस बंदरापर्यंत न्यायला रेल्वे लागली. खंडवा–इंदूर लोहमार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, तेही १०१ वर्षांच्या मुदतीने आणि साडेचार टक्के व्याजाने. रेल्वे आली तशा इंदुरात गिरण्या उभ्या राहत गेल्या. तेव्हा धबधबा आणि गिरणीची चिमणी ही एकाच दगडाची दोन टोकं आहेत.

महिना म्हणाल तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. धबधब्यांना पाणी असतं, रस्ते वाळलेले असतात, आणि कापसाची वाहतूक अजून जोरात सुरू झालेली नसते. भर पावसाळ्यात धबधबा दणदणीत दिसतो, पण घाटात धुकं आणि मोरटक्क्याला पुलाची धाकधूक. दिवाळीनंतर पाताळपाण्याला नुसता ओला कडा बघायला मिळतो.

पहिला दिवस: सकाळी सहाला निघा. सात-सव्वासातला पाताळपाणी. तिथे तासभर, मग महू–सिमरोल रस्त्याने खंडवा रोडला लागा. घाट उतरून बडवाह. दुपारचं जेवण सनावद किंवा खंडव्यात उरका. चारच्या सुमारास आसीरगडाचा पायथा. वर गाडीतळापर्यंत रस्ता आहे, पण पुढे चढण आणि पायऱ्या आहेत. सासूबाईंना खालूनच बघू द्या. सातपुड्यातल्या या खिंडीतून दख्खनला वाट जाते, आणि ही वाट अडवून बसलेला किल्ला खालूनच जास्त कळतो. १६०१ मध्ये अकबराने तो घेतला. १८१९ च्या एप्रिलमध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला आणि तिसरं इंग्रज-मराठा युद्ध तिथेच आटोपलं. मुक्काम बुऱ्हाणपूरला.

दुसरा दिवस: सकाळी कुंडी भंडारा (जुनी भूमिगत पाणीयोजना), मग यंत्रमागाची एखादी गल्ली, आणि बाराच्या आत परतीला लागा. नेपानगरचं (कागद कारखान्याच्या गावाचं) वळण घेतलंत तर तासभर धरा. हिशेब उलटा करायचा: सिमरोलचा घाट अंधारात चढायचा नाही, म्हणून बडवाह साडेपाचच्या आत सुटलं पाहिजे. त्यात बसत नसेल तर नेपानगर गाळा, घाट नव्हे.

ओंकारेश्वर या दौऱ्यात घालू नका, असा आमचा स्पष्ट सल्ला. मोरटक्क्याहून वळण बाराएक किलोमीटरचंच आहे, पण श्रावणी सोमवार, अमावास्या, सुट्टीचा रविवार यांपैकी काही आलं की अर्धा दिवस वाहनतळातच जातो. ते स्वतंत्र करा.

आणि पावसाळ्यात निघण्याआधी ओंकारेश्वर धरणाचे दरवाजे उघडले आहेत का, हे सकाळच्या बातम्यांत बघा. नर्मदेला पूर आला की मोरटक्क्याचा जुना पूल वाहतुकीला बंद करतात. अशा वेळी बडवाहला जाऊन अडकण्यापेक्षा एबी रोडने (आग्रा–मुंबई महामार्गाने) खलघाटचा पूल ओलांडून खरगोनमार्गे वळसा घालावा. लांब पडतो, पण पोहोचवतो.

प्रश्न : पाताळपाण्याला आता कठडे आहेत, तरी दर पावसाळ्यात इशारे देतात. नेमका धोका कसला? पाणी तर गुडघाभरही नसतं. (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : गुडघाभर असतं, हाच धोका. चोरल नदीचं वरचं पाणलोट क्षेत्र कातळाचं आहे. कातळात पाणी मुरत नाही, वर कोसळलेली सर जवळजवळ सगळीच्या सगळी पात्रात येते. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाच-सात किलोमीटर वर ढग फुटलेला असतो. जुलै २०११ मध्ये एक कुटुंब पात्रातल्या खडकांवर असताना असाच लोंढा आला. काठावर माणसं उभी होती, पण काही करता आलं नाही. पाच जण वाहून गेले, तिघे दगावले.

लोंढ्याच्या खुणा ओळखायला शिका. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होतं. पाला, काटक्या, फेस वाहत येऊ लागतो. आवाज वाढतो, आणि तो धबधब्याच्या बाजूने नाही, वरच्या बाजूने येतो. पायाखालचा दगड मघाशी कोरडा होता, आता त्याच्या कडेला पाणी लागलंय, एवढंही पुरे. या चारांपैकी एक दिसलं की सामान, चपला, मोबाइल काहीही न उचलता जवळच्या काठाकडे चालायचं. ‘आपली गाडी पलीकडे आहे’ म्हणून पात्र ओलांडायचं नाही. माणसं बहुतेक वेळा तिथेच अडकतात. मांडीपर्यंत वाहतं पाणी आलं की धडधाकट माणसाचेही पाय सुटतात, कारण शेवाळलेल्या काळ्या दगडावर पकडच नसते.

म्हणून पात्रात उतरूच नये. धबधबा समोरच्या कठड्यावरून सगळ्यात चांगला दिसतो, फोटोही तिथूनच येतो. मुलांना हौस असेल तर पाताळपाणी–काळाकुंड ही मीटरगेजची हेरिटेज गाडी बघा. २०१८ च्या २५ डिसेंबरला ती सुरू झाली. मोसम बघून चालते. वार आणि वेळ आरक्षणाच्या वेळीच तपासा. काळाकुंड स्टेशनवरचा कलाकंद घ्यायला विसरू नका.

प्रश्न : सिमरोलचा घाट उतरताना ब्रेकचा जळका वास येतो. मेकॅनिक म्हणतो ब्रेक ठीक आहेत. मग? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : मेकॅनिक खोटं बोलत नसेल. ब्रेक ठीकच असतील, पाय चुकतोय. इंदूरपासून नर्मदेपर्यंत गाडी साधारण पावणेचारशे-चारशे मीटर खाली उतरते, आणि त्यातला मोठा वाटा घाटाच्या थोड्या किलोमीटरांत. १७०० किलोच्या गाडीची ही सगळी उतरणीची ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. इंजिनात जिरवली नाही तर पॅड आणि डिस्कमध्ये जिरते, म्हणजे उष्णता होते.

नियम जुनाच: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इथे बहुतेक ठिकाणी तिसरा, तीव्र वळणावर दुसरा. गिअर उतार लागण्याआधी टाका, मध्ये नाही. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका. वेग वाढला की घट्ट दाबून दहा-पंधराने खाली आणा आणि पाय पूर्ण उचला. मधल्या सेकंदांत डिस्क थंड होते. न्यूट्रल तर कधीच नाही. पेट्रोल वाचतं हा गैरसमज आहे: गिअरमध्ये उतरताना आजच्या इंजिनांचं इंधन जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. ऑटोमॅटिक असेल तर ‘एल’, ‘एस’ किंवा मॅन्युअल मोड वापरा. तो त्यासाठीच दिलेला असतो.

ब्रेक जाण्याचे प्रकार दोन, आणि दोन्हींत पॅडल वेगळं सांगतं. पॅडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, वास येतोय: पॅड तापलेत. पॅडल मऊ, खोल जातंय: ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. डॉट-४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं. हवेतला ओलावा शोषून जुनं झालं की हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी कमी चाललेली असली तरी. वास आला की रुंद जागा बघून थांबा, वीस-पंचवीस मिनिटं बॉनेट-बिनेट न उघडता नुसतं उभं राहा. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. हँडब्रेकही ओढू नका. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. मागचं चाक ड्रमचं असेल तर तापलेल्या ड्रमवर ओढलेला हँडब्रेक निवल्यावर सुटत नाही.

या रस्त्याचं चौपदरीकरण आणि घाटात बोगद्यांचं काम हाती घेतलेलं आहे. काम चालू असलेल्या टप्प्यात खडी पसरलेली असते. तिथे वेग तीसच्या वर नको, कारण खडीवर ब्रेक लावला की चाकं घसरतात.

प्रश्न : हुकुमचंद मिलमध्ये आजोबा साच्यावर (मागावर) होते. नातवंडांना मिल आतून दाखवायची आहे. जाऊ देतात का? काय बघावं? (परदेशीपुरा, इंदूर)

उत्तर : परवानगीशिवाय आत जाऊ नका, आणि परवानगी सहज मिळेल अशी आशाही धरू नका. मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली. ५,८९५ कामगारांची देणी त्यानंतर तीन दशकं न्यायालयात अडकली होती. २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटी रुपयांचा धनादेश परिसमापकाकडे (बंद कंपनीची देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) सुपूर्द झाला. जागा साडेबेचाळीस एकर, आणि ती आता पुनर्विकासाच्या वाटेवर आहे. इतकी वर्षं रिकामं पडलेलं आवार दाट झाडीने भरून गेलं आहे. अशा कोणत्याही बंद गिरणीत पडके पत्रे, गंजलेले जिने आणि पाल्याने झाकलेले यंत्राखालचे खड्डे असतात. सापांचं तर बोलायलाच नको. जुने सिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे असतात. फुटले की त्याची धूळ छातीत जाते. मुलांना घेऊन जायची जागा नव्हे.

बाहेरून मात्र भरपूर दाखवता येतं, फक्त काय बघायचं ते ठाऊक हवं. गिरणीच्या शेडचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं. दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. उत्तरेकडून उजेड येतो, ऊन येत नाही. साच्यावर सूत तुटलं तर ते दिसायला सारखा उजेड हवा, आणि ऊन आत आलं तर सूत कोरडं पडून जास्तच तुटतं. म्हणून माग खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. माळव्यात उन्हाळा कोरडा, म्हणजे ती मेहनत इथे मुंबईपेक्षा जास्त. नातवाला उभ्या-उभ्या होकायंत्र देऊन दात्यांची दिशा तपासायला सांगा, त्याला गिरणी कळेल.

‘गिरण्या का बसल्या’ हे मुलं विचारतीलच. संपामुळे, असं एका शब्दात उत्तर देऊ नका. यंत्रं पन्नास-साठ वर्षांची झाली होती आणि नफा त्यात परत गेला नाही. सूत, विणकाम, रंगाई सगळं एका छपराखाली करणाऱ्या गिरणीला कायद्याने पूर्ण पगार, फंड, सुट्ट्या द्याव्या लागत. तेच कापड दहा-वीस मागांच्या शेडमध्ये निम्म्या खर्चात निघू लागलं. वर पॉलिएस्टर आलं. गिरणीचा माल कोणी घेईना, म्हणून खेळतं भांडवल आटलं. भांडवल आटलं म्हणून कच्चा माल येईना.

खरं तर मिल बघायची रात्र अनंत चतुर्दशीची. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या गिरण्यांच्या झाक्या (गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीतले सजवलेले देखावे) बंद गिरण्यांचे कामगार आणि त्यांची मुलं आजही काढतात. राजवाड्याच्या आसपास रात्रभर जागा धरावी लागते. गिरणी गेली आणि गणपती राहिला, हे इंदूरखेरीज फार ठिकाणी बघायला मिळणार नाही.

प्रश्न : रस्त्यावरून फोटोसाठी गाडी खाली उतरवली आणि काळ्या मातीत रुतली. ट्रॅक्टरवाल्याने बरेच पैसे घेतले. असं झालं तर स्वतः काय करावं? (एक वाचक, देवास)

उत्तर : पावसाळ्यात डांबराच्या कडेबाहेर चाक उतरवू नये, एवढं एकच वाक्य पुरेसं आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते. वरून सुकलेली साय दिसते, खाली लोणी. चाक फिरलं की टायरच्या खाचा भरतात, आणि मग टायर गुळगुळीत गोळा होऊन फिरत राहतो. जितका अॅक्सिलरेटर द्याल तितकी गाडी खोल जाते.

पहिल्या दोन फिरकीत गाडी हलली नाही तर थांबा. सगळ्यांना उतरवा, जड सामान काढा. स्टिअरिंग सरळ करा. वळवलेलं चाक मातीचा बांध ढकलत बसतं. टायरच्या पुढची आणि मागची माती हाताने, ताटलीने, जे असेल त्याने काढून उतार करा. टायरच्या खाचांतली माती काठीने उकरा, हे लोक विसरतात आणि बाकी सगळं फुकट जातं. ज्या चाकांना ताकद जाते (बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची) त्यांच्याखाली पायपुसणी उलटी घाला, तुराट्या किंवा खडी मिळाली तर उत्तम. टायरमधली हवा ३२ पीएसआयवरून १८–२० पर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि पकड वाढते. मग दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. आलात तशाच चाकोरीने मागे निघणं पुढे जाण्यापेक्षा बहुधा सोपं. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. डांबरावर आल्यावर हवा भरेपर्यंत वेग चाळीसच्या खाली. म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप डिकीत असावाच.

ट्रॅक्टर बोलवावा लागला तर दोर बंपरला नाही, टो हुकालाच बांधा. हूक बहुतेक वेळा जॅकच्या पिशवीत असतो आणि बंपरवरची चौकोनी टोपी काढून आत पिळायचा असतो. ओढताना दोराच्या रेषेत कोणीही उभं राहू नये.

प्रश्न : बुऱ्हाणपुरात यंत्रमाग बघता येतात असं ऐकलं. विणकरांना त्रास न देता कसं बघावं? आणि कुंडी भंडारा वयस्कांना झेपेल का? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : माग बघायला वेगळं तिकीट-बिकीट नाही, गल्लीत शिरलं की खडखडाट ऐकू येतो. शेडच्या दारात उभं राहून मालकाला विचारा. सकाळी दहा ते बारा बरं. पाळी बदलताना जाऊ नका. ओढणी, मफलर, सैल बाही आवरून घ्या, पट्ट्यांना झाकण असेलच असं नाही. मुलांचा हात धरून ठेवा. कान दुखतील, आत विणकराशी बोलता येत नाही, तो ओठ वाचून बोलतो. प्रश्न बाहेर चहावर विचारा.

आता माग कसा बघायचा. मागच्या बाजूला मोठा बीम, त्यावरून ताण्याचे, म्हणजे उभे, हजारो धागे पुढे येतात. मधून धोटा मारला जातो. साध्या मागावर मिनिटाला शंभर-दीडशे वेळा. धोट्याच्या पोटात कांडी असते, तिच्यावर आडव्याचं सूत. प्रत्येक फेकीनंतर फणी पुढे येऊन धागा ठोकते. कांडी संपली की माग थांबतो, विणकर काही सेकंदांत ती बदलतो आणि दांडी ओढतो. आडवा धागा तुटला की मागाला कळतं, काटा पडतो आणि तो थांबतो. ताण्याचा एक धागा तुटला तर मात्र जुन्या साध्या मागाला बहुधा कळत नाही. तो विणतच राहतो आणि कापडात उभी रेघ उमटते. म्हणून विणकराची नजर सतत ताण्यावर फिरत असते. एका माणसाकडे चार-सहा-आठ माग असतात. नजर जिथे चुकते तिथे रेघ, आणि रेघ म्हणजे मजुरीतून कपात. मजुरी दिवसाची नसते, विणलेल्या कापडाची असते, त्यामुळे वीज गेली की कमाई थांबते. दारात उभं राहून त्याला ‘जरा इकडे बघा’ म्हणून फोटो काढणं म्हणजे त्याचे पैसे कापणं आहे.

गावातली मोठी गिरणी, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची ताप्ती मिल, मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. गावाचा श्वास आता यंत्रमागांवर आणि केळीवर चालतो.

कुंडी भंडारा म्हणजे १६१५ च्या सुमाराची भूमिगत पाणीयोजना. सुभेदार अब्दुल रहीम खानखानाच्या काळातली. रचना इराणी भूगर्भतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याची. सातपुड्यात मुरलेलं पाणी तापीकडे झिरपत जातं. ते वाटेत बोगद्याने अडवायचं आणि उताराने गावात आणायचं, एवढी साधी कल्पना. ना मोट, ना रहाट. वर ओळीने शंभराच्या आसपास कुंड्या दिसतात. त्या पाणी काढण्यापेक्षा खोदकामाला, हवेला आणि सफाईला जास्त उपयोगी. लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरता येतं. खाली घोटाभर-गुडघाभर पाण्यातून वाकून चालावं लागतं, म्हणून गुडघ्याचं दुखणं, दमा किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी वरच थांबावं. लिफ्ट कधी बंदही असते. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

खाली गेलात तर भिंतीवर हात फिरवा. पांढरा, खरखरीत थर लागेल. पाणी जड आहे, चुना सोडतं. तो थर वर्षानुवर्षं वाढून झिरपण्याच्या वाटा बुजवतो. शिवाय वरच्या भागातल्या कूपनलिका तेच पाणी आधी उपसतात. २०२४ मध्ये ही जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. यादीने पाणी वाढत नाही, हे गावकरी आपल्याला सांगतीलच.

येताना मावा जिलबी गरमच खा, बांधून आणू नका. इंदूरपर्यंत तिचा चिखल होतो.

प्रश्न : नेपानगरला आता बघण्यासारखं काय उरलं? (वसंत विहार, इंदूर)

उत्तर : कारखाना चालू आहे, म्हणून आत परवानगीशिवाय प्रवेश नाही आणि फाटकाचे फोटोही विचारूनच. बघायची ती वसाहत आणि भोवतीचं जंगल. देशात वर्तमानपत्राचा कागद बनवायचा तर लाकूड, पाणी आणि रेल्वे एका जागी हवी. इथे सालईचं जंगल, तापी आणि खंडवा–भुसावळ लोहमार्ग तिन्ही होते. १९४७ मध्ये कंपनी नोंदली गेली, १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं, एप्रिल १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला. पुढे परदेशी कागद स्वस्त पडू लागला, यंत्रं जुनी झाली. २०१६ मध्ये उत्पादन थांबलं आणि नूतनीकरणानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. सालई ओळखायची असेल तर पातळ, कागदासारखी सोलणारी साल बघा आणि चिकाचा वास घ्या, धुपाचा येतो. साल ओरबाडू नका.

प्रश्न : याच दौऱ्यात बाघची डायनासोरची अंडी आणि रावेरखेडी जमेल का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : रावेरखेडी जमेल. सनावदहून खरगोन रस्त्याने बेडियाकडे, तिथून नर्मदेकाठी. थोरल्या बाजीरावांचं २८ एप्रिल १७४० ला तिथे निधन झालं, समाधी आहे. जाऊन-येऊन दीड-दोन तास धरा. हिवाळ्यात गेलात तर बेडियाच्या मिरची बाजारातून गाडीच्या काचा वर करून जा, नाहीतर शिंकत समाधीपाशी पोहोचाल.

बाघ जमणार नाही, ते धार जिल्ह्यात, पार उलट्या दिशेला. त्याला वेगळा दिवस द्या. तिथल्या परिसरात नर्मदा खोऱ्यातल्या ९२ घरट्यांतून २५६ अंडी नोंदवणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाडल्या गावात अशीच गोल दगडी अंडी ‘काकड भैरव’ म्हणून पुजली जात होती. जीवाश्म उचलू नका, आणि विकायला कोणी आणलं तर घेऊ नका.

प्रश्न : विजेवर चालणारी गाडी आहे, पूर्ण चार्जला २८० किलोमीटर खरे मिळतात. परतताना घाट चढायला बॅटरी पुरेल? (विजयनगर, इंदूर)

उत्तर : घाटाची भीती लोकांना उगाच वाटते. माणसांसह १७०० किलोची गाडी ३८० मीटर वर चढवायला पावणेदोन युनिट लागतात. वाया जाणारं धरून दोन. म्हणजे सपाटीचे चौदा-पंधरा किलोमीटर गेले, एवढाच घाटाचा खर्च. उतरताना रिजनरेशनने (मोटर उलटी वीज बनवून बॅटरीत भरते, त्याने) त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त परतही मिळतं. मात्र इंदूरहून १०० टक्के भरून निघू नका. महूच्या वळणाने गेलात तरी घाटाच्या तोंडाशी बॅटरी बरीच भरलेली असते, भरलेल्या बॅटरीत वीज परत घेता येत नाही आणि गाडीचं रिजन मंदावतं. ९० टक्के पुरे.

खरा खर्च वेगाचा आणि एसीचा. बुऱ्हाणपुरात रात्री मुक्कामाच्या ठिकाणी १५ अँपिअरचा, नीट अर्थिंग असलेला प्लग आहे का, हे खोली ठरवण्याआधी विचारा. साध्या प्लगवर ताशी तीन युनिट धरले तर रात्रीच्या दहा तासांत तीस युनिट येतात. प्लग तासाभराने हाताला गरम लागला तर चार्जिंगचा अँपिअर गाडीतून कमी करा. चार्जर वाटेत सापडेल या भरवशावर निघू नका. सापडला तरी तो चालू असेलच असं नाही.

प्रश्न : दिवाळीनंतर जायचं ठरलं तर काय सांभाळावं? (महू)

उत्तर : कापसाच्या ट्रॉल्या. निमाडात (नर्मदेकाठच्या या पट्ट्यात) कापूस मंडीत यायला लागला की ट्रॅक्टरमागे दुप्पट रुंदीचा गठ्ठा निघतो, मागे दिवा नाही, परावर्तक नाही, आणि कापूस रात्री पांढरा न दिसता राखाडी दिसतो. सनावद ते खंडवा हा टप्पा उजेडातच संपवा. उशीर झालाच तर खंडव्यात मुक्काम करा. ट्रॉलीमागे असताना ओव्हरटेकची घाई नको. तिच्या गठ्ठ्यापलीकडचं तुम्हाला दिसत नाही आणि ट्रॅक्टरवाल्याला मागचा भोंगा ऐकू येत नाही. तो डावीकडे सरकून हात दाखवेल तेव्हाच निघा, पण हातावर विसंबू नका. समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी मोकळा दिसला पाहिजे. धुक्यात हाय बीम लावू नका, लो बीम आणि खालचे फॉग लाइट. काच आतून धुरकटली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा, फडकं नको.